ट्रम्पेटचं सगळं मिळतं, पेटीची कडी तेवढी मिळत नाही

कृष्णाकाठचा बिगुल

सांगलीतल्या एका शाळेचं बँडपथक माझ्याकडे आहे. हुद्दा क्रीडाशिक्षकाचा, पण १५ ऑगस्ट जवळ आला की बँडमास्तर, हमाल, सुतार सगळं मीच. वाद्यांवर इथे आधी बरंच लिहून झालंय. हा धागा फक्त वाद्यांच्या पेट्यांबद्दल.

ट्रम्पेटचा पिस्टन अडकला तर तेल मिळतं. भोंग्याला पोचा आला तर लग्नाच्या बँडवाल्यांना विचारत गेलं की पोचा काढून देणारा सापडतो. साइड ड्रमचं हेड फाटलं तर मेरठहून मागवता येतं, चार पैसे जास्त दिले तर पुण्यातही मिळतं. पेटीची कडी तुटली की मात्र बोंब. सुतार म्हणतो, रेक्झिनचं काम आपलं नाही. बॅग दुरुस्तीवाला म्हणतो, आत लाकूड आहे, सुई जाणार नाही. सीट कव्हरवाला म्हणतो, मशीनच्या पायाखाली पेटी बसली तर शिवतो, पण बसतच नाही. हार्डवेअरच्या दुकानात कडी दाखवली तर दुकानदार ती उलटीसुलटी करून बघतो आणि कपाटाची कडी काढून देतो. ही नाही का चालणार? नाही चालत. भोकं जुळत नाहीत, आणि झाकणाचा ओठ जिथे येतो तिथे ती दोन-तीन मिलिमीटर आधीच संपते.

बरं, जुगाड करून एक बसवली, तर महिन्याभरात रिव्हेट भोकासकट बाहेर. प्लायचा तुकडाही सोबत येतो. मग तिथे नवं रिव्हेट मारायला जागाच उरत नाही. कडी दोन बोटं बाजूला सरकवायची, समोरचा हुकही सरकवायचा. अशा सरकत सरकत आमच्या एका युफोनियमच्या (ट्रम्पेटपेक्षा मोठं पितळी वाद्य) पेटीच्या दोन्ही कड्या आता एकाच बाजूला आल्यात. झाकण एका टोकाला घट्ट, दुसऱ्या टोकाला मासा तोंड उघडतो तसं उघडं.

अस्तराचं वेगळंच. मखमल सुटून लोंबते, मुखपीस तिच्याखाली जाऊन बसतं, पोरं झाकण दाबून लावतात आणि ट्रम्पेटला नवा पोचा. म्हणजे जी पेटी वाद्य वाचवायला आहे, तीच ते ठोकते.

कोणी हे काम नीट करून घेतलंय का? सांगली, मिरज, सातारा, कराड, कुठेही चालेल. नवीन पेट्या घ्या एवढंच सांगायचं असेल तर कृपया राहू द्या. सुटी पेटी मागितली की विक्रेता अख्ख्या वाद्याचंच कोटेशन पाठवतो.

अजिंक्यताऱ्याखाली

पेट्यांवर पोरं बसतात, तेवढं बंद करा मास्तर. निम्मा धागा इथेच मिटेल.

कृष्णाकाठचा बिगुल

मान्य. पण संचलनाच्या मैदानावर सकाळी साडेसहापासून उभी केलेली पोरं, खुर्च्या फक्त पाहुण्यांना. मग बसणार कुठे?

रंधा

आमच्या घरात सुतारकी होती, मी आता कुपवाड एमआयडीसीत आहे, पण हात अजून शिवशिवतात म्हणून लिहितो.

मास्तर, तुमचं रिव्हेट का उपटतंय ते सांगतो. पॉप रिव्हेट हे पत्र्याला पत्रा जोडायला असतं. मागून ते फुगतं आणि फुगवटा पत्र्यावर बसतो. तुमच्या पेटीत मागे पत्रा नाही, प्लाय आहे. फुगवटा प्लायमध्ये रुततो, पहिल्या दिवशी एकदम घट्ट वाटतं, आणि प्रत्येक उघडझापीला थोडा थोडा आत घुसत जातो. शेवटी प्लायचा वरचा पदर घेऊन बाहेर येतो. यात रिव्हेटचा दोष नाही.

उपाय म्हणजे आतल्या बाजूने चपटा वायसर. वायसर पाहिजेच. हिशोब असा: प्लाय ६ मिमी, बाहेर कडीचा पत्रा १ मिमी, आत वायसर १ मिमी, झाली ८ मिमी पकड. त्याला ४ मिमी जाडीचं, १२ मिमी लांबीचं रिव्हेट घ्या. दुकानदार जे देतो ते बहुतेक आखूड असतं, ते वायसरपर्यंत पोचतच नाही, मग लोक वायसरच काढून टाकतात. इथेच घोळ होतो.

पण वायसर लावायचा तर अस्तर सोडवावं लागतं, आणि अस्तर सोडवायला कोणी तयार नसतं. म्हणून सगळे बाहेरून ठोकतात. पेटीच्या दुरुस्तीतलं निम्मं दुखणं हे आहे की काम बाहेर दिसतं आणि करावं लागतं आतून.

जिथे प्लायचा तुकडाच निघालाय तिथे भोक बुजवत बसू नका. आतून हाताच्या तळव्याएवढा पातळ प्लायचा ठिगळ लाकडाच्या फेविकॉलने चिकटवा, रात्रभर शिकंज्यात दाबून ठेवा. मग कडी मूळ जागी परत बसवता येते. कड्या सरकवत जाण्याचा प्रकार थांबवा, तसं केलं की बिजागरीवर पीळ पडतो. तुमच्या युफोनियमची पुढची तक्रार बिजागरीची असणार, लिहून ठेवा.

नटबोल्ट मारू नका हेही सांगतो. मजबूत होतं, पण बोल्टचं टोक आत येतं आणि वाद्याचं पॉलिश खरवडतं.

कृष्णाकाठचा बिगुल

रंधा, बिजागरीचं बरोबर ओळखलंत. मधली बिजागरी आधीच ढिली आहे. तिथे काय करू?

रंधा

तीन छोट्या काढा आणि एक अख्खी पियानो बिजागरी लावा, पेटीच्या लांबीएवढी. कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळते, कापून देतात. वजन सगळ्या लांबीवर वाटलं जातं. युफोनियमला तर तीच पाहिजे. फक्त स्क्रू आखूड घ्या.

मिरजेची खुंटी

नमस्कार. धागा मजेशीर आहे, म्हणजे तुमच्यासाठी नसेल.

आमच्या मिरजेत सतारी आणि तंबोरे घडवणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. इथून वाद्यं देशभर आणि परदेशात जातात, म्हणजे पेट्याही लागतातच. तेव्हा तुम्ही इकडे याल हे ओघाने आलंच, आणि बहुतेक नकार घेऊनच परत जाल. त्याची कारणं सांगतो.

तंबोऱ्याची पेटी भोपळ्यासाठी असते. वाद्य आकाराने मोठं आणि वजनाने हलकं. पेटीने वजन पेलायचं नसतं, बाहेरचा धक्का आत जाऊ द्यायचा नसतो. पितळी वाद्याचं उलटं. लहान आकारात वजन ठासून भरलेलं, आणि पेटी टेम्पोत आपटली की धक्का बाहेरून येतोच, शिवाय आतलं वाद्यही भिंतीवर आदळतं. तंबोऱ्याच्या सवयीने कोणी तुमची पेटी भरून दिली तर सगळीकडे मऊ मऊ गादी करून देईल. दिसायला झकास, पण ट्रम्पेट आत हिंदकळत राहील.

पितळी वाद्य पेटीत धरायचं ते मधल्या पिस्टनच्या भागाला. तिथे घट्ट, आणि भोंगा मोकळा, खाली टेकलेला नको. भोंग्याच्या कडेवर वजन आलं की कड वाकते. तुमच्या पेट्या उघडून बघा, मधला आधार खचून भोंगा तळाला टेकलेला असेल. आधी तो आधार उभा करा, मखमल नंतर.

कृष्णाकाठचा बिगुल

आत्ता स्टोअररूममध्ये जाऊन पाहिलं. टेकलेलाच आहे, चारही ट्रम्पेट. आधार थर्माकोलचा आहे, दाबून दाबून पापडासारखा झालाय. त्यावर काय चिकटवू? घरात बुटांना लावायचं सोल्यूशन आहे.

मिरजेची खुंटी

नको! सोल्यूशन लावू नका.

रंधा

मीही तेच लिहायला आलो होतो. सोल्यूशन, एसआर फेविकॉल, जे काही नाकाला झोंबतं, ते थर्माकोलला लावलं की थर्माकोल विरघळतो. डोळ्यादेखत खड्डा पडतो. त्या रसायनाचा गुणच तो. थर्माकोलला पांढरा लाकडाचा फेविकॉल लावा. वेळ लागेल, कारण थर्माकोल पाणी शोषत नाही, कडेकडेनेच सुकतं. दोन रात्री वजन ठेवा. खरं तर थर्माकोल काढूनच टाका आणि लाकडाचे दोन आडवे ठोकळे वाद्याच्या आकाराने कोरून बसवा, वर फेल्ट. पुन्हा खचणार नाही.

पिशवीपंथी

एवढा खटाटोप कशाला? पेट्या भंगारात घाला. ज्या कारागिराकडे रिक्षाचे हूड शिवून घेतात त्याच्याकडून जाड कॅनव्हासच्या पिशव्या शिवून घ्या, आत एक इंच फोम, चांगली चेन. आमच्या गावच्या ढोलपथकात सगळं असंच आहे. फाटली तर पुन्हा शिवली, कोणाला शोधत बसावं लागत नाही.

कृष्णाकाठचा बिगुल

ड्रमला आम्हीही कव्हरच वापरतो, त्याबद्दल वाद नाही. साइड ड्रम, टेनर, बास, झांजा सगळं कॅनव्हासमध्ये. ड्रम स्वतःच पेटीसारखा आहे, त्याला फक्त ओरखडा आणि पाऊस चुकवायचा असतो. ट्रम्पेटच्या नळ्या पातळ पत्र्याच्या. एका टेम्पोत सगळं सामान चढवताना ट्रम्पेटच्या पिशवीवर बास ड्रम पडला की संपलं.

पिशवीपंथी

मग टेम्पोत सामान लावणाऱ्याला शिकवा. पेटीमुळे लोक निष्काळजी होतात, पिशवी असली की आपोआप जपून ठेवतात. माझं मत.

अजिंक्यताऱ्याखाली

शाळेतली पोरं "आपोआप जपून" ठेवतात! ही शाळा कुठे आहे, मला मुलाला घालायचंय.

वाईचा घाट

फोमबद्दल थोडं. आमच्याकडे जावळी, पाटण, महाबळेश्वर या पट्ट्यात पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, तिथे पेटीतल्या फोमचं काय होत असेल विचार करा. साधा पिवळा पीयू फोम दमट हवेत काही वर्षांत सडतो. आधी चिकट होतो, मग बोटाने दाबला की भुगा. तो भुगा पिस्टनमध्ये जातो, तेलात मिसळतो आणि पिस्टन जाम होतो. एका शाळेत मी पाहिलं, पिस्टन अडकतो म्हणून वाद्य परत परत दुरुस्तीला जात होतं आणि परत येऊन त्याच भुग्याच्या पेटीत झोपत होतं.

ईव्हीए फोम घ्या, खेळाच्या मॅटमध्ये असतो तो. पाणी पीत नाही, भुगा होत नाही. जरा कडक असतो, पण वरून फेल्ट लावलं की भागतं.

आणि रबराच्या पट्ट्या आत चिकटवू नका. चांदीचा मुलामा असलेलं मुखपीस रबरातल्या गंधकाने काळं पडतं. आमच्याकडे मुखपीस घट्ट बसावं म्हणून एकाने सायकलच्या ट्यूबचं कडं लावलं होतं. मुखपीसावर नेमकी तेवढीच काळी रिंग.

माण-खटावकडे उलटा त्रास. तिथे बुरशी नाही, पण पत्र्याच्या खोलीत उन्हाळाभर पेट्या तापतात, रेक्झिन कडक होऊन कोपऱ्यांवर तडकतं. एकच जिल्हा, दुखणी दोन.

लेखापाल निवृत्त

मी शाळा तपासणीचं काम बरीच वर्षं केलंय. मास्तरांचं खरं दुखणं कागदावर आहे, ते कोणी बोललेलं नाही.

डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही, काढून बघा. तिथे "ट्रम्पेट, नग ४" असं लिहिलेलं असेल. पेटीची नोंद नसेल, कारण बिलात ती वेगळी नव्हती. मग पेटी दुरुस्तीचं बिल लावलं की तपासणीत प्रश्न येतो: कोणत्या वस्तूची दुरुस्ती? पेटी नोंदीत नाही. म्हणून मुख्याध्यापक बिल मंजूर करत नाहीत आणि मास्तर खिशातून कडी आणतात. खिशातून आणलेल्या कडीला बिल नाही, म्हणून पुढच्या वर्षीही पेटी कागदावर नाहीच.

मार्ग आहे. बिलात "पेटी दुरुस्ती" लिहू नका. "ट्रम्पेट क्र. २, पेटीसह, दुरुस्ती" असं लिहून घ्या. आणि एकदा मुख्याध्यापकांच्या सहीने रजिस्टरमध्ये त्या नगासमोर "पेटीसह" हा शेरा घ्या. वेतनेतर अनुदान, म्हणजे पगार सोडून बाकी खर्चाचं, आधीच तुटपुंजं, त्यात दरपत्रकं तीन मागतात आणि हे काम करणारा एकही नाही, हे मलाही कळतं. त्यावर तोड म्हणजे सामान आणि मजुरी वेगळी दाखवा. बिजागरी, प्लाय, फेल्ट यांची दरपत्रकं हार्डवेअरवाल्यांकडून सहज मिळतात.

कृष्णाकाठचा बिगुल

साहेब, हे वाचून खुर्चीत सरळ बसलो. "पेटीसह" हा शेरा उद्याच घेतो. आमच्याकडे तर निर्लेखनाच्या (मोडीत काढून नोंद खोडायच्या) वेळी जुनं वाद्य गेलं आणि पेटी तशीच राहिली. नोंदीतच नाही तर टाकणार कशी? स्टोअरमध्ये तीन रिकाम्या पेट्या आहेत, त्यांत शिपाईमामा खडूचे डबे ठेवतात.

रंधा

अहो, मग शोधता काय! त्या तीन पेट्यांच्या कड्या काढा.

कृष्णाकाठचा बिगुल

काढल्या. दोन चांगल्या निघाल्या, एक गंजलेली. २०१९ च्या महापुरात तळमजल्यात पाणी होतं, त्यातल्या त्या पेट्या.

मेधा सातारा

माझी मुलगी आठवीत आहे, क्लॅरिनेट वाजवते. दोन गोष्टी पालक म्हणून सांगते, कारण इथे सगळे कडी-बिजागरीत अडकलेत आणि मुठीबद्दल कोणी बोलत नाहीये.

शाळेच्या पेटीची मूठ एका बाजूने निखळलेली. मुलगी ती कवेत धरून बसमध्ये चढते, एका हातात दप्तर. उतरताना पेटी पायरीवर आपटते. मूठ नीट असती तर आपटली नसती. वाद्याच्या निम्म्या जखमा मुठीपासून सुरू होतात असं मला वाटायला लागलंय. मी घरीच नायलॉनचा जाड पट्टा घेऊन अख्ख्या पेटीला आडवा-उभा शिवून घातला, वर दोन बाजूंना बक्कल. पट्टा पेटीला कुठेच ठोकलेला नाही, त्यामुळे उपटायला काहीच नाही. आता पेटी पट्ट्यावर लटकते. कडी उघडली तरी झाकण उघडत नाही.

दुसरं, वाजवून झालं की वाद्य पुसून ठेवायला मुलांना कोणी सांगत नाही. ओलं वाद्य बंद पेटीत ठेवायचं आणि मग वास येतो म्हणून डांबर गोळ्या टाकायच्या, हे आमच्या शाळेत चालतं.

वाईचा घाट

मेधाताई, पट्ट्याची कल्पना सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भारी. ट्रम्पेटलाही चालेल. डांबर गोळ्या मात्र काढून टाका, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. आणि पितळी वाद्यांत पाणी राहिलं तर आतून पितळ कळकतं, हिरवा थर धरतो. पाणी सोडायची किल्ली दाबून फुंकर मारणं हा सरावाचाच भाग करा मास्तर, सलामीसारखा.

महापूरग्रस्त

२०१९ चा उल्लेख आला म्हणून. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. त्या पाण्यातल्या पेट्या ज्यांच्याकडे आहेत त्यांनी कड्या जरूर काढाव्यात, पण लाकूड वापरू नये. बाहेरून रेक्झिन ठीक दिसतं, आत प्लायचे पदर सुटलेले असतात. कोपऱ्यावर टिचकी मारा, पोकळ आवाज आला तर स्क्रू धरणार नाही. आम्ही दुकानातल्या लाकडी पेट्या तेव्हा घाईने उन्हात वाळवल्या, रेक्झिन आकसलं आणि झाकणं वाकडी झाली ती कायमचीच. सावलीत, झाकण उघडं, फळीवर उभी, असं वाळवायचं.

पिशवीपंथी

म्हणूनच म्हणत होतो, कॅनव्हास. धुवून दोरीवर टाकला की झालं.

कृष्णाकाठचा बिगुल

तुम्ही काही ऐकत नाही. असो, बास ड्रमचं कव्हर तुमच्या पद्धतीने शिवून घेतो, चेनचा रनर पितळी घालायला सांगतो.

आत्तापर्यंतचा बेत: पट्टे सगळ्या पेट्यांना आधी, कारण २६ जानेवारीच्या आधी तेवढंच जमेल. मधले ठोकळे रंधा म्हणतात तसे, शनिवारी शाळा सुटल्यावर नववीच्या दोन पोरांना घेऊन. युफोनियमला पियानो बिजागरी. पुराच्या पेट्या लेखापाल साहेबांना विचारून निर्लेखनाला. एकच अडलंय. ट्रम्पेटच्या चार पेट्यांना आठ कड्या लागतात, त्यातल्या पाच ठीक आहेत, जुन्या पेट्यांच्या दोन धरून सात. आठवी कुठून आणू?

रंधा

पुण्यात बोहरी आळीत मिळेल. पेटी-बॅगांचं सामान ठेवणारी दुकानं आहेत तिथे. माझा मेहुणा पुढच्या आठवड्यात जातोय. एक आणायला सांगितलं तर दुकानदार हसेल, डझनच घेऊ. दोन भोकांमधलं अंतर, कडीची एकूण लांबी आणि झाकण ते पेटी किती ओढून धरते ते मोजा. फोटो टाका, शेजारी पट्टी ठेवून.

लेखापाल निवृत्त

बिल घ्यायला सांगा. शाळेच्या नावाने.

मेधा सातारा

डझनातल्या चार माझ्या. आमच्याही शाळेला लागतील.

कृष्णाकाठचा बिगुल

भोकं ३२ मिमी, एकूण लांबी ५८. ओढ उद्या मोजून टाकतो, आत्ता स्टोअरची किल्ली मामा घेऊन गेलेत.